तुझा नमुना लागेल

पेणकरपाडा, मीरा रोड
६ नोव्हेंबर २०२५

उत्तम,

वर 'चि.' घातलेलं नाही, ते विसरून नव्हे.

तुझी चिठ्ठी काल पिंकीने आणून दिली. ती इथल्या साडीच्या दुकानात काउंटरवर बसते, रोज आपल्या राई गावाहून येते, म्हणून तिच्या हाती पाठवलीस हे समजलं. पण चार घड्या घालून वरून दोन पिना ठोकायचं कारण काय? भावाने बहिणीला लिहिलेल्या चिठ्ठीत असं काय असतं, जे पिंकीने वाचू नये?

आणि आत काय, तर तीन ओळी. 'ताई, तुझा नमुना लागेल. आईची फाईलपण. उशीर करू नकोस, फोन उचल.'

आईच्या तेराव्याला मी राईच्या घरातून निघाले त्याला तीन वर्षं दोन महिने झाले. एवढ्या काळानंतर तुझं पहिलं वाक्य हे. बरी आहेस का, रिटायर झाल्यावर दिवस कसा जातो, नाही. तुझा नमुना लागेल.

मी पोस्टात तेहेतीस वर्षं काढली, त्यातली एकवीस बचत खात्याच्या काउंटरवर. नमुना म्हणजे काय ते मला विचार. खातं उघडताना माणसाची नमुना सही घेतात. पुढे तो दर वेळी पैसे काढायला आला की त्या नमुन्याशी सही ताडून बघायची, हेच माझं काम. नवघरच्या एका विधवा बाईच्या दिराने तिची सही इतकी हुबेहूब केली होती की साहेबांनी ती डोळे झाकून पास केली असती. मी धरली. बाई सहीच्या शेवटी पेन उचलायची, हा ओढत न्यायचा. चौकशीत निघालं काय, तर त्याने वहिनीकडून सोसायटीच्या कुठल्याशा अर्जावर दोन सह्या घेऊन ठेवल्या होत्या आणि महिनाभर त्या गिरवत बसला होता. बाहेरच्याला कोण नमुना देतो, उत्तम? मागणारा घरचाच असतो.

राईत खाडीकडच्या जमिनींची मोजणी चालली आहे, हेही मला पिंकीच सांगते. आपल्या बारा गुंठ्यांवर कोणाची नजर गेली आहे ते समजायला मला ज्योतिषी नको.

आईच्या फाईलबद्दल. मी तेराव्याला तिची कापडी बॅग उचलून आणली तेव्हा तुझी बायको सुलू सगळ्यांसमोर म्हणाली होती, "एकट्या जिवाला कागद कशाला लागतात?" बॅगेत काय आहे ते मी जाणते. ती मिळणार नाही.

रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात गेलं, म्हणून हे स्पीड पोस्टाने पाठवते आहे. झेरॉक्स माझ्याकडे आहे. खाली सही केलेली नाही, नाव छापील अक्षरांत लिहिलं आहे. का, ते तुला कळेल.

मनोरमा


पेणकरपाडा
१७ नोव्हेंबर २०२५

उत्तम,

माझ्या पत्राला उत्तर म्हणून तू बायकोला पाठवलंस.

शनिवारी दुपारी सुलू दारात उभी. मी लाकडी दार उघडलं, जाळीचं उघडलं नाही. शेजारच्या उर्मिलाबाई नेमक्या त्याच वेळी कुंडीला पाणी घालायला बाहेर आल्या. त्या कुंडीत गेली दोन वर्षं काहीही नाही, पण ते सोड.

सुलू म्हणाली, "ताई, आत येऊ द्या, सांगते."

मी म्हटलं, "जे असेल ते इथेच बोल."

तिने एकदा उर्मिलाबाईंकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "नमुना तेवढा द्या, ताई. दहा मिनिटांचं काम आहे. तुम्हाला कुठे जायला नको, माणूस घरी येईल."

"माणूस घरी येईल?" मी विचारलं. "सोबत काय काय आणेल? शाईचा पॅड पण?"

तिला काही समजलं नाही, किंवा तिने तसं दाखवलं. डोळे खोल गेलेत तिचे, गळ्यात मंगळसूत्र सैल लोंबतंय. म्हणाली, "निदान फाईल तरी." मी लाकडी दार लावलं. बराच वेळ जिन्यात पावलं वाजली नाहीत. मी पीपहोलमधून पाहिलं, तर ती पायरीवर बसली होती आणि उर्मिलाबाई तिला पाणी देत होत्या. आता सगळ्या मजल्याला मी कैदाशीण.

तर मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही अंधारात राहायला नको. स्टेशनजवळ जितेशचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गुजराती मुलगा, पण जमिनीच्या कागदात वाकबगार. त्याच्याकडून राईचा सातबारा काढला. तो कॉम्प्युटरवर बोटं आपटत मला शिकवत होता. "आंटी, सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. फेरफार असतो नमुना सहामध्ये. वारसांची नोंद सहा-क."

म्हणजे जमिनीच्या दुनियेतही सगळे नमुनेच. चिठ्ठीत तू कुठल्या नमुन्याबद्दल लिहिलंस, याचा मला तिथेच उलगडा झाला.

सातबारा हातात आला. मी तिथे उभ्याने वाचला, मग बाकावर बसून वाचला.

लपवणार नाही. माझं नाव आहे. आईच्या जागी आपली दोघांची नावं लागली आहेत, आणि माझं आधी आहे. नोंद तेराव्यानंतर दोन महिन्यांनी झालेली. म्हणजे मी तुझा फोन ब्लॉक करून बसले होते तेव्हा तू तलाठ्याकडे खेपा घालून माझं नाव चढवत होतास.

जितेश म्हणाला, "भाऊ अच्छा है आपका. लोग तो बहन का नाम ही छुपाते हैं."

मी घरी आले, चहा केला आणि विचार केला. नाव चढवलं कशासाठी? आज ना उद्या कुणी गिऱ्हाईक येणारच होतं, आणि बहिणीचं नाव नसेल तर व्यवहार पुढे कोर्टात अडकतो. नाव असलं की हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली, की काम साफ. म्हणून आधी चढवायचं आणि मग उतरवायला नमुना मागायचा. तीन वर्षांचा विचार आहे हा, उत्तम. मी तुला साधा समजत होते.

मनोरमा


पेणकरपाडा
२ डिसेंबर २०२५

उत्तम,

काल मी तलाठी कार्यालयात लेखी अर्ज दिला. माझी समक्ष हजेरी आणि संमती असल्याशिवाय आमच्या जमिनीच्या नोंदीत कसलाही बदल होऊ नये, असा. पोच घेतली आहे. तिथला क्लार्क म्हणाला, "पण बाई, बदलासाठी कुणाचा अर्जच आलेला नाही." मी म्हटलं, येईल.

दुसरी गोष्ट. परवा भाईंदरला फाटकाजवळ रिक्षा थांबली होती, त्यात तुझी रसिका होती. बाजूला एक उंच मुलगा. भर दुपारी ओढणी डोक्यावरून गच्च गुंडाळलेली, तोंडाला मास्क. मी तिला डोळ्यांवरून ओळखलं. कॉलेजची पाच वर्षं ती माझ्याकडे राहिली, तिच्या डब्याला रोज काय दिलं ते मी आजही सांगेन. मी हात वर केला. तिने मला पाहिलं, नक्की पाहिलं, आणि तोंड फिरवून ओढणी आणखी पुढे घेतली.

तेव्हा ती मैत्रिणींना सांगायची, "आमची आत्या म्हणजे एक नमुना आहे." दुधाच्या पिशवीवरची तारीख मी दोनदा वाचते म्हणून. मी रागवायचे नाही. आता तोच शब्द तिच्या बापाच्या हातून चार घड्यांत येतो, आणि पोरगी मला बघून तोंड लपवते. तिला काय सांगितलंत माझ्याबद्दल? की आत्या तुझ्या लग्नाच्या आड येते आहे? साखरपुडा झाल्याचं मला पिंकीकडून कळलं. मुलाचं नाव यतीन, हेही. पत्रिका सोड, एक फोन नाही. तो फोन मी उचलला नसता हे खरं, पण करायचा होतात.

तुम्हाला माझ्याबद्दल कधी काही जाणून घ्यायचं नव्हतंच. दोन हजार तेराला मी तीन महिने रजेवर होते. पाठीचं दुखणं, असं मी सांगितलं आणि तुम्ही ते ऐकलं. एकाने तरी विचारलं का, की पाठीच्या दुखण्यात उजवा हात वर का जात नाही?

हे उगाच लिहिलं. खोडत नाही, खोडाखोड केलेलं पत्र संशयास्पद दिसतं.

मनोरमा


पेणकरपाडा
११ डिसेंबर २०२५

उत्तम,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. ऑड्रे घेऊन येईल, आईच्या बॅगेसकट. ऑड्रेला तू ओळखतोस, माझ्याबरोबर पोस्टात होती, उत्तनची. हे शांतपणे वाच, सुलूलाही वाचून दाखव. रसिकाला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही, दाखवाच.

मंगळवारी मी ऑड्रेकडे गेले होते. तुझी चिठ्ठी, सातबारा, माझ्या पत्रांच्या झेरॉक्स, सगळं नेलं होतं. ती ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि खरं सांगते, सांगताना मला बरं वाटत होतं. मी किती हुशारीने एकेक धागा पकडला ते ऐकणारं कुणीतरी मिळालं होतं.

ऑड्रेने हात धुतले, चिठ्ठी घेतली, वाचली. म्हणाली, "यात सही असं कुठं लिवलंय?"

"मग कशाचा नमुना असणार?"

तिने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "मनू, तुझा घेतला व्हता ना? तुकडा काढून बरणीत घातला. बरणीवर चिठ्ठी चिकटवलेली. नमुना, नाव, वय. ती बरणी लॅबला मीच घेऊन गेले, टॅक्सीत मांडीवर धरून. इसरलीस?"

मी चिठ्ठी तिच्या हातून घेतली आणि पुन्हा वाचली.

"तुझ्या भावाच्या घरात कोण आजारी हाय?" ऑड्रेने विचारलं.

मला रिक्षातली ओढणी आठवली. मास्क आठवला. सुलूचं सैल मंगळसूत्र. दहा मिनिटांचं काम, माणूस घरी येईल. मी जाळीचं दार न उघडता तिला शाईच्या पॅडबद्दल विचारलं होतं.

तिथून मी तशीच राईला आले. तुला माहीत नाही, पण मी आले होते. चार वाजले असतील. घरासमोरच्या शेवग्याला टेकून उभी राहिले. रसिका ओट्यावर खुर्चीत बसली होती, उन्हात पाय सोडून. डोक्यावर काही नव्हतं. केस नव्हते, भुवया नव्हत्या. सुलू तिला वाटीतून काहीतरी भरवत होती आणि ती लहानपणीसारखी मान फिरवत होती.

मी फाटकाला हात लावला आणि मागे फिरले. तुला वाटेल भीतीने. हो, भीतीनेच. पण आजाराच्या नाही.

आता सांगते. दोन हजार तेरा साली मला पाठीचं दुखणं नव्हतं. माझ्या उजव्या स्तनात गाठ होती, कॅन्सरची. मी एकोणपन्नास वर्षांची होते. परळला ऑपरेशन झालं, ती बाजू पूर्ण काढली. ऑड्रे माझ्यासोबत होती आणि आईला सांगितलं होतं. दोघींना मी शपथ घातली होती. का? मी एकटी बाई, ऑफिसात पुरुषांच्यात बसायचं, काउंटरवर दोनशे माणसं रोज समोर. त्यांच्या नजरा कुठे जातील याचा विचार करून माझी झोप उडायची. आणि तुमच्या घरी आले तर सुलू माझा पेला वेगळा ठेवेल असं वाटायचं. तिने तसं कधी काही केलं नव्हतं. मला वाटायचं, एवढंच.

याच्या पुढचं लिहायला कालचा पूर्ण दिवस गेला.

आईचा आजार निघाला, अंडाशयाचा, तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला कॅन्सर?" तू माझ्या शेजारी उभा होतास. तू माझ्याकडे पाहिलंस, कारण असली माहिती माझ्याकडे असते. मी म्हटलं, "नाही." आई कॉटवर होती. तिने डोळे मिटून घेतले. फॉर्मही मीच भरला. त्या रकान्यात 'नाही' असं माझ्या अक्षरात आहे, तुला बॅगेत सापडेल.

आणि बॅग. माझ्या ऑपरेशनचे कागद आईने माझ्याकडून मागून घेतले होते. तिच्या स्वतःच्या हॉस्पिटलच्या फाईलीतच ते तिने जपून ठेवले होते, मायलेकींचे एकत्र. तेराव्याला ती फाईल कुणाच्या हाती लागू नये म्हणून मी बॅग उचलली. तुम्हाला वाटलं जमिनीचे कागद नेले. मी तसं वाटू दिलं. जमिनीचा एकही कागद त्यात नाही, कधीच नव्हता.

मी एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, उत्तम.

नमुना कुठे द्यायचा ते ऑड्रेजवळ कळव. माणूस घरी पाठवू नकोस, मी येईन. तुझा नंबर अनब्लॉक कसा करायचा ते मला येत नाही, जितेशला उद्या विचारते.

मनोरमा


पेणकरपाडा
२२ डिसेंबर २०२५

चि. उत्तम,

आता आपण फोनवर बोलतो, तरी लिहिते आहे. तू समोर असलास की मी भलतंच बोलते. लॅबच्या दारातही पार्किंगबद्दल बोलत राहिले.

मी राईला आले त्या दिवशी तू कागद वाचून एवढंच म्हणालास, "ताय, तू मना पण न्हाय सांगितलंस?" रागावून काही बोलला असतास तर बरं झालं असतं. सुलूने मला चहा दिला तो त्याच फुलांच्या कपातून, ज्यातून ती स्वतः पिते. तिने तो मुद्दाम दिला की हाताला लागला म्हणून, माहीत नाही. मी विचारलं नाही. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते तुला कळेल.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत पुन्हा लिहून काढते, बरोबर आहे का ते बघ. रसिकाच्या रक्तात एका जनुकात बदल सापडला आहे. तो आजार आणणारा बदल आहे, की नुसताच घरोघरी असतो तसला निरुपद्रवी, हे त्यांना पक्कं सांगता येत नाही. घरात ज्यांना हा आजार झाला, त्यांच्यातही तोच बदल निघाला, तर तो घातक धरायचा. मग ऑपरेशनमध्ये रसिकाची एकच नव्हे, दोन्ही बाजू काढायच्या, नाहीतर दुसरीकडे पुन्हा उद्भवण्याची भीती. आईचा तुकडा हॉस्पिटलने मेणात जपून ठेवलेला असतो, पण तो शोधायला त्याचा नंबर हवा. तो नंबर आईच्या फाईलीत. म्हणून फाईल. आणि माझा नमुना तू मागितलास तो निरोगी बहीण म्हणून, ताडून बघायला. मी स्वतः आजारी होते हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. आजाराचं नाव गावात फुटू नये म्हणून तू ते कागदावर लिहिलं नाहीस, त्यासाठी मी तुला बोलू शकत नाही. डॉक्टर म्हणाले, माझं रक्त आता दहापट कामाचं आहे.

लॅबमध्ये मी नळीवरचं नाव तीन वेळा वाचायला मागितलं म्हणून तू लाजलास. पण त्या मुलीने 'मनोरमा'च्या जागी 'मनोहर' छापलं होतं की नाही? तुझ्या बहिणीचं रक्त कुठल्याशा मनोहरच्या नावाने गेलं असतं.

आता जे तुला माहीत नाही ते. तू रिक्षा आणायला गेलास, तेव्हा रसिका माझ्याशी बोलली. मी तिच्या पायाशी वेताच्या मोढ्यावर बसले होते.

ती म्हणाली, "आत्या, मला गाठ लागली तेव्हा मी वर्षभर काही केलं नाही. नेटवर वाचलं, या वयात गाठी बहुतेक साध्या असतात, घरात कुणाला नसेल तर काळजी नको. मी विचार केला, आजीचं तर पोटाचं होतं. घरात कुणालाच नाही."

मी तिच्या पायावरून ओढणी सारखी केली.

"तू एक वाक्य बोलली असतीस ना, तर मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले असते."

"हो," मी म्हटलं.

"मी तुझ्याकडे पाच वर्षं राहिलेय. तुझ्यासमोर कपडे बदललेत. तू कायम बाथरूममध्ये बदलायचीस. मला वाटायचं जुन्या वळणाची आहेस."

मी म्हटलं, "रसिका, मला माफ—"

"आत्ता नको," ती म्हणाली. "आत्ता मला जमणार नाही. मळमळतंय." आणि मान खुर्चीला टेकून डोळे मिटले. अगदी आईसारखे.

मी तिची माफी मागणं सोडून दिलं आहे. मला दोष दे, पण तिच्यापाशी माझी बाजू मांडायला जाऊ नकोस. तू जाशील, मला माहीत आहे.

तलाठ्याकडचा अर्ज मागे घेतला. क्लार्क म्हणाला, "मिटलं का भांडण?" मी म्हटलं, "नव्हतंच." त्याने माझ्याकडे पाहिलं, ते बघण्यासारखं होतं.

तुझी
ताई


पेणकरपाडा
२९ जानेवारी २०२६

चि. उत्तम,

काल रिपोर्ट हातात आल्यावर तू हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये रडलास. मी शेजारी बसून दोघांच्या बिलाची पावती वाचत होते, म्हणून तुला मी दगड वाटले असेन. मला दुसरं काही वाचता येत नव्हतं.

तिघींत तोच बदल. आई, मी, रसिका. तुझ्यातून तो रसिकाकडे गेला, म्हणजे तुझ्यातही असणारच. तू म्हणतोस, पुरुषाला काय करायचाय रिपोर्ट. करून घे. डॉक्टर म्हणाले, पुरुषांनाही लक्ष ठेवावं लागतं. तुझी टाळाटाळ मी ओळखते, आपण एकाच आईची पोरं आहोत. आणि माझी अंडाशयं एप्रिलमध्ये काढायची असं त्यांनी सुचवलं आहे. या वेळी मी पाठीचं दुखणं म्हणून सांगणार नाही. उर्मिलाबाईंनाही सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मी डबा देईन," आणि लगेच विचारलं, "खर्च किती?" त्या कधी सुधारायच्या नाहीत.

यतीनबद्दल माझा संशय होता, तोही लिहून टाकते. रिपोर्ट ऐकला की हा मुलगा सुट्टीचं कारण काढून हळूहळू येणं कमी करेल, असं मी मनात धरलं होतं. मी दर खेपेला त्याची येण्याजाण्याची वेळ बघत होते. काल त्याने मला जिन्यात गाठलं. म्हणाला, "आत्या, तुम्ही माझ्याकडे असं का बघता? मी जाणार नाहीये." मी म्हटलं, "बघायची सवय आहे रे." तो हसला. तरी मी बघत राहणार.

ऑपरेशनची तारीख सतरा फेब्रुवारी. आदल्या रात्री हॉस्पिटलात सोबत कोण राहणार ते रसिकाने ठरवलं, त्यात माझं नाव नाही. ठीक आहे. मी सकाळी येईन.

तुझी
ताई


पेणकरपाडा
१९ फेब्रुवारी २०२६

चि. उत्तम,

आज तिने दोन घास उपमा खाल्ला, असं सुलूने कळवलं. डॉक्टर कालच तुम्हाला म्हणाले की दोन्ही बाजू व्यवस्थित निघाल्या, काखेतल्या गाठींत काही सापडलं नाही. मी ते सुलूकडून दोनदा ऐकलं आणि एकदा नर्सकडूनही खातरजमा केली. आता विश्वास ठेवते.

परवा सकाळी तू पडद्याबाहेर घिरट्या घालत होतास. नंतर मला विचारलंस, "आत एवढा वेळ काय चाललं व्हतं?" मी म्हटलं, गाऊनच्या नाड्या बांधत होते. ते खरं नव्हतं, आणि मी आता तुझ्याशी खोटं बोलणार नाही असं ठरवलं आहे, म्हणून लिहिते.

नर्सने गाऊन दिला आणि म्हणाली, घरातल्या बाईने मदत करा. सुलू फॉर्म भरायला खाली गेली होती. रसिकाने इकडेतिकडे पाहिलं, मग मला आत बोलावलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी आपण होऊन बोलली.

पडदा ओढल्यावर म्हणाली, "आत्या, दाखव मला."

मी म्हटलं, "काय?"

"तुला माहितीये काय. मला बघायचंय कसं दिसतं ते. फोटो बघितलेत मी. मला माणूस बघायचाय."

बारा वर्षांत मी ते कुणाला दाखवलं नाही. ऑड्रेलाही नाही. अंघोळ करताना मी स्वतः खाली बघत नाही. ब्लाऊजचा दुसरा हूक माझ्याच्याने निघेना, तो रसिकाने काढला. आतलं कापसाचं पुडकं खाली पडलं. तिने उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"हे तू शिवतेस?"

"हो. मशीनवर."

"बाजारात चांगली मिळतात गं आत्या."

"दुकानदाराला काय सांगू?"

ती हसली. थोडंच, पण हसली. मग तिने माझ्या वणावर बोट ठेवलं, काखेपासून मधोमध, सावकाश, जसं नकाशावर रस्ता शोधतात तसं. तिचं बोट गार होतं.

"दुखतं?"

"थंडीत ओढतं जरा."

"आणि बाकी?"

"बाकी काही नाही. भाजी आणते, जिने चढते, लोकांशी भांडते."

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने स्वतःचा कुर्ता काढला आणि माझ्यासमोर तशीच उभी राहिली. मीही पाहिलं. बाहेर कुणीतरी तिचं नाव पुकारलं. मी तिला गाऊन घातला, मागच्या नाड्या बांधल्या, आणि तिने माझ्या खांद्यावर कपाळ टेकवलं, क्षणभरच, कारण नर्सने तेवढ्यात पडदा सरकवला.

माझे हूक अजून लागले नव्हते. मी घाई केली नाही.

तुझी
ताई